सात आकड्यांची गोष्ट : खासबागेतून दिसलेला स्मृतीचा इतिहास

"चार, नऊ, दोन, सात." असे कुणी सावकाश म्हटले आणि "आता तू म्हण" असे सांगितले, तर आपण सहज म्हणून दाखवू. आकडे पाच केले तरी जमेल. सहा, सात झाले की कपाळाला आठ्या पडतात आणि आठ-नऊला बहुतेकांची गाडी घसरते. मानसशास्त्रात गेली सव्वाशेहून अधिक वर्षे वापरात असलेली ही एक अत्यंत साधी कसोटी. तिला ना यंत्र लागते, ना कागद. एक बोलणारा आणि एक ऐकणारा असला की झाले. पण या साध्या कसोटीवर मुलांची बुद्धी मोजली गेली, त्यांच्या कपाळी शिक्के मारले गेले आणि स्मृती म्हणजे काय यावर विद्वानांचे मोठमोठे वादही झडले. त्या वादांचा एक धागा आपल्या शेजारच्या बेळगावपर्यंत येतो. म्हणून हा लेखप्रपंच.

मी मानसशास्त्राचा जाणकार नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. दिवसभर आवक-जावकचे क्रमांक एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवणे हे माझे काम. नोंदवही ते टेबल या चार पावलांत फाईलचा क्रमांक डोक्यात कसा टिकतो, आणि मध्येच कुणी "साहेब आहेत का हो?" विचारले की तो कुठे जातो, याचे कुतूहल मला फार वर्षांपासून आहे. माझी धाकटी बहीण बेळगावात खासबागेत दिली आहे. त्यामुळे चोर्ला घाट चढून वर्षातून दोन-तीनदा तिकडे जाणे होते. खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. नावात बाग असली तरी माझ्या आठवणीतली खासबाग मागांच्या खडखडाटाची आहे. शहापूर तर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होते. म्हणजे इथल्या माणसाला सीमा ही गोष्ट १९५६ च्या आधीपासूनच ठाऊक. इथे रविवारच्या बाजारात भाजीवाली एका गिऱ्हाइकाला मराठीत भाव सांगते, दुसऱ्याला कन्नडमध्ये, आणि सुटे पैसे मोजताना तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत पुटपुटते. आकडे कुठल्या भाषेत पुटपुटले जातात, याला स्मृतीच्या अभ्यासात फार महत्त्व आहे, हे मला बरेच पुढे कळले.

आता मूळ इतिहासाकडे वळू.

स्मृतीचा प्रयोगाने अभ्यास करणारा पहिला मोठा माणूस म्हणजे जर्मनीचा हर्मान एबिंगहाऊस. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. अर्थ असलेले शब्द घेतले तर जुन्या ओळखीचा फायदा मिळतो, म्हणून त्याने निरर्थक अक्षरजोड्या तयार केल्या आणि त्या स्वतःच पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली. साधारण सात जोड्या एका वाचनात डोक्यात बसतात, त्यापुढे मात्र पुन्हा पुन्हा घोकावे लागते, असे त्याला आढळले. पुरावा तपासायचा म्हटले तर पहिली शंका इथेच येते. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोग ज्याच्यावर करायचा तोही तोच. एका माणसावरून सगळ्या मानवजातीबद्दल किती बोलायचे?

दोनच वर्षांनी, १८८७ साली, लंडनच्या जोसेफ जेकब्स याने शाळेतल्या विद्यार्थिनींना आकडे आणि अक्षरे ऐकवून लगेच परत म्हणायला लावली. आकडे सरासरी नऊच्या आसपास, अक्षरे सातच्या आसपास लक्षात राहतात असे त्याने मांडले. वयाबरोबर ही संख्या वाढते असेही त्याला दिसले. गंमत म्हणजे हाच जेकब्स पुढे लोककथांचा संग्राहक म्हणून नावाजला. भारतीय परीकथांचे त्याचे इंग्रजी पुस्तक १८९२ चे आहे. ज्या माणसाने गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकतात हे पाहिले, त्यानेच एक आकडा दोन सेकंद कसा टिकतो हेही पाहिले होते!

१८९० साली विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने स्मृतीचे दोन भाग सांगितले. एक, आत्ता या क्षणी मनाच्या उंबऱ्यावर असलेली. दुसरी, आत कोठारात गेलेली आणि शोधून बाहेर आणावी लागणारी. जेम्सने हे आत्मनिरीक्षणातून लिहिले होते. प्रयोगाचा आधार यायला अर्धे शतक जावे लागले.

दरम्यान आकड्यांची कसोटी शाळेत शिरली. फ्रान्समध्ये अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. हेतू चांगला होता. ज्या मुलांना शिकताना जास्त मदत लागते ती ओळखावीत, एवढाच. त्या श्रेणीत आकडे ऐकून परत म्हणणे हा एक प्रश्न होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मनने १९१६ साली तिची मोठी सुधारित आवृत्ती काढली. त्यातही आकडे होतेच, सरळही आणि उलटेही. मूल जसे मोठे होईल तशी आकड्यांची संख्या वाढत जाई.

आणि इथून हा धागा आपल्या बाजूला येतो. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात या स्टॅनफर्ड श्रेणीचे रूपांतर केले. एका नव्हे, दोन भाषांत केले : कन्नड आणि मराठी. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली ऑक्सफर्डने काढले. 'बिने-कामत कसोटी' या नावाने ती ओळखली जाते आणि मुलांच्या तपासणीत तिचा वापर पुढे कित्येक दशके होत राहिला. (कामत हे आडनाव गोव्याच्या वाचकाला परके वाटणार नाही!) सांगायचा मुद्दा असा की, भारतातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या बुद्धिकसोट्यांपैकी एक आपल्या या सीमाभागाच्या जोडभाषेतच घडली. पुढे १९६९ मध्ये नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या कसोटीचे भारतीय रूप तयार केले. त्यातही आकडे परत म्हणण्याचा भाग आहे. बिने-कामत कसोटीचा निकाल वाचताना तज्ज्ञ मंडळी स्मृतीचे दोन कप्पे करतात. वाक्ये परत म्हणणे हा सार्थ स्मृतीचा आणि आकडे परत म्हणणे हा निरर्थ स्मृतीचा. 'निरर्थ' हा शब्द मला फार आवडला. 'सात' या शब्दाला अर्थ आहेच, पण 'सात'नंतर 'दोन' का यावा याला अर्थ नाही.

आता प्रश्न असा की, ही कसोटी नेमके मोजते तरी काय?

१९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसाच्या तात्कालिक स्मृतीची झेप सात, अधिक-उणे दोन, असे त्याने मांडले आणि 'सात' हा आकडा जगभर झाला. सप्तस्वर, सप्तर्षी, सप्तपदी, आठवड्याचे सात वार अशी यादी जोडायला आपल्याला तर आयतीच संधी. पण मिलरचा खरा मुद्दा वेगळा होता. सात म्हणजे सात अक्षरे नव्हेत, सात गठ्ठे. गठ्ठा लहान-मोठा असू शकतो. आपण फोन नंबर 'नऊ, आठ, दोन, दोन' असा न सांगता 'अठ्ठ्याण्णव, बावीस' असा सांगतो तेव्हा चार आकड्यांचे दोन गठ्ठे करतो. पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेणारे जुने मास्तर हेच करत होते. ज्याला 'सात पाऊणे सव्वापाच' तोंडपाठ आहे त्याला ते गणित म्हणजे एकच गठ्ठा. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन याने बराच पुरावा एकत्र करून दाखवले की, घोकायला आणि गठ्ठे बांधायला वावच दिला नाही तर खरी मर्यादा चारच्या आसपास येते. म्हणजे सातातले तीन आपल्या हुशारीचे!

तात्पुरती स्मृती आणि कायमची स्मृती या खरेच वेगळ्या आहेत का, यावरचा पुरावा तपासणे हे तर एखाद्या खटल्यासारखे आहे. साक्षीदार येतात, उलटतपासणी होते आणि भक्कम वाटलेली साक्ष डळमळते.

पहिला साक्षीदार १९५९ चा. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना तीन व्यंजने ऐकवली आणि घोकू नये म्हणून लगेच एका संख्येतून तीन-तीन उलटे मोजत जायला लावले. तीन सेकंदांनंतर बहुतेकांना अक्षरे आठवत होती. अठरा सेकंदांनंतर दहातल्या एखाद्याच वेळी. निष्कर्ष असा काढला गेला की, घोकले नाही तर स्मृतीचा माग काही सेकंदांत विरून जातो. पण १९६२ मध्ये केपेल आणि अंडरवूड यांनी उलटतपासणी घेतली. त्यांना असे दिसले की, पहिल्याच फेरीत कुणी फारसे विसरत नाही. विसरणे सुरू होते ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून, म्हणजे आधीच्या अक्षरांची नव्याशी गल्लत होऊ लागल्यावर. मग दोष काळाचा की गर्दीचा? माझ्या कारकुनी अनुभवावरून मी दुसऱ्या बाजूला मत देईन. सकाळचा पहिला जावक क्रमांक कधी विसरत नाही, चाळिसावा मात्र हमखास एकोणचाळिसाव्यात मिसळतो. अर्थात माझे मत म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा साक्षीदार १९६६ चा. ग्लँझर आणि क्युनिट्झ यांनी शब्दांची यादी ऐकवली. लगेच विचारले तर यादीतले पहिले आणि शेवटचे शब्द चांगले आठवतात, मधले बुडतात. मध्ये अर्धा मिनिट आकडे मोजायला लावले तर शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा होतो, पहिल्यांचा टिकतो. शेवटचे शब्द तात्पुरत्या कप्प्यात होते, ते पुसले गेले, असा अर्थ लावला गेला. पण १९७४ मध्ये ब्यॉर्क आणि व्हिटन यांनी प्रत्येक शब्दजोडीनंतरच असे अंतर ठेवले, तेव्हा शेवटच्या शब्दांचा फायदा परत आला! तात्पुरता कप्पा तर पुसलेला होता, मग हा फायदा कुठून आला? साक्ष पुन्हा डळमळली.

सर्वांत वजनदार साक्षी मात्र प्रयोगशाळेतल्या नव्हत्या, रुग्णांच्या होत्या. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसावर फेफऱ्याच्या त्रासासाठी १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला नवीन काही कायमचे लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर ही संशोधक वर्षानुवर्षे त्याला भेटत राहिली आणि तो दर वेळी तिला नव्याने भेटत राहिला. पण आकडे ऐकून लगेच परत म्हणणे त्याला सामान्य माणसासारखे जमे. तो २००८ मध्ये वारला, तोपर्यंत त्याचे नाव फक्त आद्याक्षरांनी छापले जाई. याच्या बरोबर उलटा रुग्ण १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी वर्णिला. त्याला एक-दोन आकड्यांपलीकडे परत म्हणता येत नसे, पण नवीन गोष्टी शिकणे व दीर्घकाळ आठवणे ठीक होते. एकाचे हे शाबूत, ते गेलेले. दुसऱ्याचे ते शाबूत, हे गेलेले. दोन स्मृती वेगळ्या असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

पण याच दुसऱ्या रुग्णाने एक जुने चित्र मोडीतही काढले. १९६८ मध्ये अॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी असा नकाशा काढला होता की, बाहेरची माहिती आधी तात्पुरत्या खोलीत येते, तिथून कायमच्या कोठारात जाते. ओसरीतून माजघरात जावे तसे. मग ज्याची ओसरीच मोडली आहे त्याच्या माजघरात माल कसा पोहोचला? याचे उत्तर शोधताना १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी तात्पुरत्या स्मृतीची एक खोली न मानता एक छोटे कामाचे दालन मानले. त्यात आवाज सांभाळणारा एक भाग, चित्रे व जागा सांभाळणारा दुसरा आणि दोघांवर देखरेख करणारा मुकादम. यातला आवाजाचा भाग बिघडला तरी बाकीचे काम चालू शकते. या मताला त्यांनी नाव दिले त्याचे मराठी 'कार्यकारी स्मृती' असे करता येईल. मुकादम नेमके काय करतो हे फार मोघम आहे, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्त आहे. पण बाकी चित्र आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते.

आणि आता आवाज सांभाळणाऱ्या त्या भागाविषयी, कारण खासबागेचा संबंध तिथे येतो.

१९७५ साली बॅडली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, लहान उच्चाराचे शब्द लांब उच्चाराच्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात. साधारण दीड-दोन सेकंदांत जेवढे मनात म्हणून होते, तेवढे टिकते. म्हणजे झोळीचे माप आकड्यांत नसून वेळेत आहे. मग ज्या भाषेत आकड्यांची नावेच लांब, त्या भाषेत झोळीत कमी आकडे मावणार? १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्समध्ये हे तपासले. वेल्श मुलांना बुद्धिकसोटीत आकड्यांच्या भागात कमी गुण पडत. त्यांनी दोन्ही भाषा येणाऱ्यांना घेतले. मंडळी वेल्शमध्ये अधिक सफाईदार असूनही आकडे मात्र इंग्रजीत जास्त लक्षात ठेवत होती, कारण वेल्श आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो. आणि तोंडाने दुसरेच काहीतरी बडबडत राहायला लावले की हा फरक नाहीसा होई. १९८६ मध्ये इंग्रजी, स्पॅनिश, हिब्रू आणि अरबी बोलणाऱ्यांच्या तुलनेतही, उच्चाराला जितका वेळ जास्त तितकी झेप कमी, असेच दिसले. चिनी आकडे अगदी तोकडे. हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांची झेप नऊ-दहापर्यंत गेल्याची नोंद आहे.

आता आपले आकडे मोजू. मराठीत एक ते नऊ म्हणताना 'सहा' आणि 'नऊ' सोडले तर सगळे एका झटक्यात संपतात. एकूण उच्चाराचे तुकडे ११. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु. प्रत्येकात किमान दोन तुकडे, दोहोंत तीन. बेरीज २०. इंग्रजीत १०. आणि आपली कोंकणी? एक, दोन, तीन, चार, पांच, स, सात, आठ, णव. फक्त ९! गोव्याच्या माणसाने यावर मिशीला पीळ द्यायला हरकत नाही, पण जरा थांबावे. कागदावरचे तुकडे आणि तोंडातला वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात भराभर मोजणारा कन्नड माणूस शेवटचा उकार गिळून टाकतो. 'मूरु'चे 'मूर' होते, 'आरु'चे 'आर'. तेव्हा फरक वीस विरुद्ध अकरा एवढा राहत नाही. शिवाय लहान आकड्यांना एक तोटाही आहे. कॉनराड या इंग्रज संशोधकाने १९६४ मध्ये दाखवले की, सारख्या आवाजाच्या गोष्टींची स्मृतीत गल्लत होते, मग त्या डोळ्यांनी वाचलेल्या का असेनात. आपले 'सात' आणि 'आठ' पाहा. फोनवर तर 'साठ'ही त्यात येऊन मिसळतो.

हे सगळे मी वाचून काढले ते निव्वळ हौसेने नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या शाळेतून (शाळेचे नाव नको) एक कागद घरी आला. मुलगा नऊ वर्षांचा. घरची भाषा मराठी, शाळेचे माध्यम इंग्रजी, आणि तपासणी करणाऱ्यांनी आकडे विचारले ते कन्नडमध्ये. कागदावर शेरा होता : स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी, वेगळ्या वर्गाचा विचार करावा. बहिणीने दोन दिवस नीट जेवण घेतले नाही. मी गेलो तेव्हा पोराला समोर बसवून सहज आकडे म्हणायला लावले. कन्नडमध्ये चारला अडखळला. म्हणाला, "मामा, मराठीत सांग की!" मराठीत सहा म्हणून दाखवले आणि वर "अजून एक घाल" म्हणाला.

यावरून मी काय सिद्ध केले? काहीच नाही. कन्नड आधी विचारले, मराठी नंतर, म्हणजे तोवर पोराला सराव झाला होता. मामासमोर बसलेला मुलगा आणि अनोळखी माणसासमोर बसलेला मुलगा एक नव्हे. आणि मराठी ही त्याची घरची भाषा, तेव्हा फरक शब्दांच्या लांबीचा की ओळखीचा हे एका मुलावरून सांगता येणार नाही. वेल्सच्या अभ्यासाचे बळ नेमके इथेच आहे. तिथे सफाई एका भाषेत जास्त होती आणि झेप दुसरीत. त्यामुळे दोन कारणे एकमेकांपासून सुटी झाली. खासबागेत ती एकमेकांत गुंतलेली होती. पण एक गोष्ट मात्र मला नक्की म्हणता येत होती. मी काही सिद्ध करू शकत नव्हतो, तसेच त्या कागदानेही काही सिद्ध केलेले नव्हते. तेव्हा मी माझ्या हातात असलेली एकमेव कला वापरली. 'विषय : फेरतपासणीबाबत' असा चार ओळींचा अर्ज लिहून दिला. तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी आणि आकड्यांखेरीज वाक्ये व चित्रे यांचीही व्हावी, एवढीच मागणी. फेरतपासणी झाली, मुलगा आपल्या वर्गातच राहिला. ज्यांच्या घरात अर्ज लिहिणारा मामा नाही त्यांचे काय होत असेल, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही. आणि कामतांनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एकाच कसोटीची कन्नड आणि मराठी अशी दोन रूपे का केली असतील, हे त्या दिवशी मला आपोआप कळले.

शब्दांच्या लांबीचा हा सिद्धांतही वादातीत आहे असे मात्र समजू नये. पुढच्या संशोधकांनी शब्दांचे वेगळे संच घेतले तेव्हा केवळ उच्चाराच्या वेळेचा परिणाम दर वेळी दिसला नाही. २०११ मध्ये जॅल्बर्ट, नीथ आणि सरप्रेनंट यांनी असे मांडले की, लहान शब्दांना मिळतेजुळते 'शेजारी' शब्द जास्त असतात, आणि त्या शेजाऱ्यांच्या मदतीने ते आठवतात. शेजारी सारखे ठेवले तर लांबीचा फायदा राहत नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण कारण कुठलेही असो, कसोटीची भाषा बदलली की आकडा बदलू शकतो, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

शेवटी पाठांतराबद्दल थोडे, कारण हा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी "आमच्या पूर्वजांची स्मरणशक्ती पाहा" असे म्हणतोच. मंगळूरच्या राजन महादेवन यांनी १९८१ साली 'पाय' या गणिती संख्येचे ३१,८११ अंक तोंडपाठ म्हणून जागतिक विक्रम केला. पुढे अमेरिकेत त्यांची तपासणी झाली. ऐकलेले चाळीसच्या आसपास आकडे ते परत म्हणत. प्रथम वाटले की हा जन्मजात मोठ्या झोळीचा माणूस. पण एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी आकड्यांऐवजी अनोळखी चिन्हे दिली, तेव्हा त्यांची झेप तुमच्या-माझ्याइतकीच निघाली. याच एरिक्सन आणि चेस यांनी एका साध्या महाविद्यालयीन मुलाला दोनशेहून अधिक तास सराव देऊन सुमारे ऐंशी आकड्यांपर्यंत नेले होते. अक्षरे दिली की तोही सहावर येई. म्हणजे झोळी वाढत नाही, बांधणी सुधारते. आपल्या वैदिकांचे पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ ही अशीच बांधणी. शब्द पुढे-मागे फिरवून इतके घट्ट विणायचे की एक धागा निसटला तर लगेच दिसावा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ वैदिक पंडित आणि २१ इतर माणसे यांच्या मेंदूच्या चित्रांची तुलना झाली आणि भाषा व स्मृतीशी संबंधित काही भागांत फरक दिसला. पण पाठांतराने मेंदू बदलला, की तसा मेंदू असलेलेच पाठशाळेत टिकले, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून सांगता येत नाही. अभिमान बाळगावा, पण पुराव्यापेक्षा जास्त नको.

थोडक्यात काय, तर तात्पुरती स्मृती आहे, ती तोकडी आहे आणि तिची लांबी आपण काय, कसे आणि कुठल्या भाषेत विचारतो यावर बरीच अवलंबून आहे. आकड्यांची कसोटी वाईट नाही. मोलेसनसारख्या रुग्णाबद्दल तिने फार मोलाचे सांगितले. वाईट आहे ते एका आकड्यावरून एका मुलाचे भवितव्य लिहिणे. सीमेच्या दोन्ही बाजूंना आपण भाषेसाठी पुष्कळ भांडलो, पाट्यांसाठी भांडलो, आयोगांपुढे कागद मांडले. त्या भांडणात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या पोराला तीन भाषांत बाजार करता येतो त्याची बुद्धी मोजताना निदान "तुला कुठल्या भाषेत आकडे सोपे जातात रे?" एवढे विचारायला कुठल्याही सरकारचा आदेश लागत नाही. गोव्यातही घरी कोंकणी, वाचायला मराठी, शाळेत इंग्रजी आणि शेजारी कन्नड अशी मुले हल्ली कितीतरी आहेत. हा प्रश्न घाटापलीकडचा आहे असे आपण समजू नये.